वाऱ्याचा हिशेब
(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पवनचक्कीवर लेख लिहावा, हे आमच्या सायन्सच्या मित्रांना आगाऊपणाचे वाटेल. विषय ऐकल्यावर आमच्या संपादक-सरांनीही चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "का रे, तुझा काय संबंध?" संबंध आहे. मी आयुष्यात एकदाच पवनचक्कीचा हिशेब मांडला आणि तो सपशेल चुकला. परीक्षेतला हिशेब चुकला तर मार्क जातात. माझा हा हिशेब चुकला तेव्हा माझ्या दोन मामांचे बोलणे सात महिने बंद पडले. ते कसे झाले आणि खरा हिशेब कोणता, हे दोन्ही सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझे आजोळ सौंदत्ती तालुक्यात. बेळगावहून बैलहोंगल मागे टाकले की झाडी विरळ होते, काळी रान सुरू होतात आणि मग लांबवर यल्लम्माचा डोंगर दिसू लागतो. आईच्या माहेरी मराठी आणि कानडी दोन्ही भाषा एका ताटात जेवतात. आजी देवाशी मराठीत बोलते आणि म्हशीशी कानडीत; दोघेही तिचे ऐकतात. मळ्याच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे. त्यावर पूर्वी हुलग्याशिवाय काही येत नसे. आज त्या माळावर आणि शेजारच्या टेकाडांवर सात पवनचक्क्या ओळीने उभ्या आहेत. त्यांतली एक मामांच्या दोन एकरांत आहे.

ती आली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. एकेक पाते चाळीस मीटर लांब. ते घेऊन येणारी गाडी गावाच्या वळणावर अडली, तेव्हा चिंचेच्या दोन फांद्या तोडाव्या लागल्या आणि सगळी शाळा ते पाहायला रस्त्यावर आली होती. गावात तिला कोणी पवनचक्की म्हणत नाही. गावात ती 'फॅन'. कानडीतही फॅन, मराठीतही फॅन. आजीने मात्र पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला होता, "हा फॅन वारा घालतोय की वारा खातोय?" त्या वेळी सगळे हसले. मीही हसलो. या प्रश्नाचे उत्तर मला पंधरा वर्षांनी, अंगावर शेकल्यावर, समजले.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजोळी गेलो होतो. धाकट्या मामांनी त्या वर्षी दोन बोअर मारल्या होत्या आणि दोन्ही कोरड्या गेल्या होत्या. डोक्यावर कर्ज होते. एका संध्याकाळी कट्ट्यावर बसून त्यांनी मला पवनचक्कीच्या कराराचा कागद दाखवला. कागद इंग्रजीत. सही थोरल्या मामांची, कारण घरातले कर्ते तेच. "तू कॉलेजला आहेस, वाच की जरा," असे ते म्हणाले, आणि माझी छाती फुगली. मी मराठी माध्यमातला; कायद्याचे इंग्रजी वाचताना मला आजही धाप लागते. तरी एवढे कळले की जमीन पंचवीस वर्षांच्या भाड्याने दिली आहे, वर्षाला तीस हजार रुपये, आणि यंत्राची ताकद १५०० किलोवॉट, म्हणजे दीड मेगावॉट.

तो १५०० आकडा पाहिला आणि मी खिशातून मोबाईल काढला. १५०० गुणिले २४ तास गुणिले ३६५ दिवस. उत्तर आले १ कोटी ३१ लाख ४० हजार युनिट. करारात विजेचा दर नव्हता, म्हणून मी आपला युनिटला चार रुपये धरला. ५ कोटी २५ लाख ६० हजार रुपये! मी तो आकडा मोठ्याने वाचला. एवढेच नव्हे, तर मामांचे तीस हजार त्याच्या किती टक्के होतात तेही सांगितले: शंभर रुपयांत जेमतेम सहा पैसे.

मामा काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि ते घरात गेले. रात्री जेवणाच्या वेळी त्यांचा आवाज चढला. "पाच कोटीचा माल आणि आपल्याला सहा पैसे? मधले कुणी खाल्ले?" थोरले मामा ताटावरून उठले. ज्या माणसाने वडिलांच्या मागे भावाचे शिक्षण, लग्न सगळे केले, त्याला हा प्रश्न विचारला गेला होता, आणि तो विचारण्यासाठी लागणारा आकडा मी पुरवला होता. दुसऱ्या दिवशी मी बेळगावला परतलो. मला वाटत होते की मी सत्य उघडकीस आणले आहे.

जूनमध्ये कारहुणवीला आजीने मला बोलावून घेतले. बैलांच्या सणाला दरवर्षी दोघे मामा मिळून जोडी सजवतात, शिंगे रंगवतात आणि वाजत गाजत वेशीपर्यंत नेतात. या वर्षी जोडीतला एक बैल थोरल्या मामांनी नेला आणि अर्ध्या तासाने दुसरा धाकट्या मामांनी. गाव पाहत होते. आजी दारात उभी राहून एवढेच म्हणाली, "गणित कुणी घातलं हे?" मी मान खाली घातली. त्या दुपारी मला घरात बसवेना. मी माळावर गेलो.

वारा असा सुटला होता की टोपी डोक्यावर राहीना. पवनचक्कीच्या बुंध्याशी एक तरुण ऑपरेटर बसला होता. बागलकोटकडचा, डिप्लोमा झालेला. मी कानडीत बोलू लागलो तसा तो खुलला. मी त्याला माझा पाच कोटींचा हिशेब सांगितला. तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. मग त्याने बुंध्याचे लोखंडी दार उघडून आतले पॅनेल दाखवले. त्यावर वाऱ्याचा वेग, पात्यांचे फेरे आणि तयार होणारी वीज असे तीन आकडे सारखे बदलत होते. त्या पॅनेलसमोर उभे राहून मी तासाभरात जे शिकलो, ते येथे माझ्या शब्दांत मांडतो. सायन्सच्या मित्रांनी चुकभूल द्यावी घ्यावी.

प्रथम आजीच्या प्रश्नाचे उत्तर. घरातला पंखा वीज खातो आणि वारा घालतो. हा फॅन वारा खातो आणि वीज देतो. विहिरीवरच्या मोटारीला वीज दिली की ती फिरते. तसेच यंत्र बाहेरून फिरवले तर ते वीज देते. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहू लागते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले. ज्यांनी सायकलला डायनॅमो लावून रात्री प्रवास केला आहे, त्यांना हे पुस्तकाशिवाय कळते. माझ्या वडिलांच्या जुन्या सायकलला तो होता. डायनॅमो चाकाला टेकवला की दिवा लागे, पण त्याच क्षणी पायडल जड होई. दिवा फुकट लागत नाही. तो मांड्यांतून येतो. पवनचक्कीचा दिवा वाऱ्याच्या मांड्यांतून येतो. म्हणून पात्यांच्या मागे गेलेला वारा दमलेला, मंदावलेला असतो. म्हणूनच एकीच्या मागे दुसरी चक्की खेटून उभी करत नाहीत. वाऱ्याला दम घ्यायला जागा ठेवावी लागते. आमच्या माळावरच्या सात चक्क्या इतक्या लांब लांब का, हे कोडे असे सुटले.

मला वाटत असे की वारा पात्यांना ढकलतो आणि ती फिरतात. तसे नाही. पाते विमानाच्या पंखासारखे घडवलेले असते. वारा त्याच्या दोन अंगांनी वेगवेगळ्या तऱ्हेने वाहतो, आणि विमानाला जो जोर वर उचलतो तोच जोर पात्याला पुढे ओढतो. चक्कीचे डोके वाऱ्याच्या दिशेला तोंड करून आपोआप वळते आणि पातीही आपल्या मुळाशी फिरून वाऱ्याला अंग कमी-जास्त देतात. मी घड्याळ लावून फेरे मोजले, तर मिनिटाला सोळा. म्हाताऱ्या माणसाने जपमाळ ओढावी तसे संथ वाटते. पण पात्यांचा व्यास ८२ मीटर आहे. एका फेऱ्यात टोक अडीचशे मीटरांहून जास्त धावते. हिशेब केला तर ते टोक ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने जाते! हा गुणाकार मात्र मी ऑपरेटरकडून तपासून घेतला.

मिनिटाला सोळा फेऱ्यांनी वीज तयार करणे सोयीचे नाही. म्हणून वरच्या डब्यात दात्यांच्या चाकांची पेटी असते. ती सोळाचे सुमारे पंधराशे फेरे करून जनित्राला देते. तेथून ६९० व्होल्टची वीज मनोऱ्यातून खाली येते. बुंध्याशेजारचा ट्रान्सफॉर्मर तिचा दाब ३३ हजार व्होल्टपर्यंत वाढवतो, म्हणजे तारांतून जाताना कमी वाया जाते. मग ती उपकेंद्रात जाऊन सगळ्या राज्याच्या विजेत मिसळते.

आता मुख्य गोष्ट. वारा आणि वीज यांचे नाते सरळ त्रैराशिकाचे नाही. पाती फिरताना आकाशात जे वर्तुळ आखतात, त्याचे क्षेत्र शेतकऱ्याच्या भाषेत एक एकर बारा गुंठे भरते. म्हणजे मामांच्या दोन एकरांवर, हवेत, उभे केलेले आणखी एक शेत आहे. सेकंदाला सहा मीटर वेगाचा वारा असेल, तर त्या शेतातून दर सेकंदाला सुमारे पस्तीस टन हवा जाते. हवेला वजन नसते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. आता वारा दुप्पट झाला तर? दर सेकंदाला हवा दुप्पट येते, आणि प्रत्येक किलो हवेत असलेला जोर चौपट होतो. दोन चोक आठ. वारा दुप्पट, तर ताकद आठपट. उलट, वारा निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा उरते. सहा मीटरच्या वाऱ्यात आमची चक्की सुमारे अडीचशे किलोवॉट देते. करारातले दीड हजार किलोवॉट मिळवायला बारा-चौदा मीटरचा, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपासचा वारा लागतो. चार मीटरच्या खाली ती काहीच देत नाही, आणि वीस-पंचवीस मीटरच्या वर वादळ झाले तर स्वतःला सांभाळण्यासाठी बंद होते.

शिवाय वाऱ्यातले सगळे काढून घेताही येत नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ साली गणिताने सिद्ध केले, की कितीही उत्तम चक्की बनवली तरी ती वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त शक्ती घेऊ शकत नाही. कारण साधे आहे. सगळी शक्ती काढून घेतली तर वारा चक्कीपाशीच उभा राहील आणि मागच्या वाऱ्याला यायला वाटच राहणार नाही. घेणाऱ्याने देणाऱ्याला पुढे जाण्याइतके ठेवावेच लागते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा नियम घालायला हरकत नाही.

"मग दीड मेगावॉट का लिहितात?" मी चिडून विचारले. ऑपरेटर म्हणाला, "गुड्ड्यावरच्या लॉजात पन्नास खोल्या असतात ना? हुण्णिवीला सगळ्या भरतात. एरवी किती भरतात? पाटीवर मात्र पन्नासच लिहिणार." वाणिज्य शाखेच्या मुलाला याहून चांगले उदाहरण कोणी देऊ शकणार नाही. आपल्याकडे वर्षभरात चक्की आपल्या पाटीवरच्या ताकदीच्या साधारण वीस ते तीस टक्केच वीज देते. त्यातलीही निम्म्याहून जास्त मे ते सप्टेंबर या महिन्यांत. उन्हाने जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला धावते. तोच आपला मोसमी वारा. तो घाटाच्या कड्यावर पाऊस टाकतो आणि हलका होऊन आमच्या आजोळच्या उघड्या माळावर येतो. म्हणजे पवनचक्की चालते ती शेवटी सूर्याच्याच भांडवलावर.

संध्याकाळी घरी आलो आणि आजीला हे सांगू लागलो, तर ती म्हणाली, "यात नवं काय? खळ्यावर उफणायला उभं राहिलं की कळतंय वारं किती भरवशाचं." तिने सगळे आयुष्य तिवईवर उभे राहून, सूप डोक्यावर धरून, वाऱ्याची वाट पाहिली होती. "गाळी बंतु" म्हणजे वारा आला, अशी हाक आली की हातातले काम टाकून सगळ्या बाया खळ्यावर धावत. पडलेल्या वाऱ्यात दाणे आणि भूस वेगळे होत नाहीत. हे जिला ठाऊक होते तिला मी विचारलेच नव्हते. मी मोबाईलला विचारले होते.

त्या रात्री आठ वाजता गावातली वीज गेली. अंगणातून माळावरचे लाल दिवेही दिसेनात. आजी म्हणाली, "दारात गिरणी आणि घरात अंधार!" ही तक्रार गावातले सगळेच करतात आणि ती खोटी नाही. पण तिचेही उत्तर मला दुपारी मिळाले होते. आमची चक्की स्वतंत्रपणे वीज करू शकत नाही. तिच्या जनित्राला जागे राहण्यासाठी बाहेरच्या तारांतली वीज लागते. त्या तारा बंद पडल्या की कितीही वारा असला तरी चक्की थांबते. आणि तारा चालू असताना तिची वीज मामांच्या घरी येते की हुबळीच्या कारखान्यात जाते, हे कोणी सांगू शकत नाही. बँकेत भरलेल्या नोटा आपल्याला परत मिळतात का? खात्यात आकडा जमा होतो, एवढेच. आमच्या गावाचा वारा असा रोज जमा होतो. खाते मात्र दुसऱ्याच्या नावावर आहे.

गावात आणखी एक समज आहे, की हे फॅन ढगांना पळवून लावतात. सातारा-सांगलीकडेही दुष्काळाच्या दिवसांत शेतकऱ्यांनी अशी तक्रार केली होती. पात्याचे टोक जमिनीपासून सव्वाशे मीटरांच्याही आतच असते आणि पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर तरंगतात; त्यामुळे ही गोष्ट पटत नाही. पण म्हणून गावकऱ्यांना कोणी हसू नये. स्कॉटलंडात जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकांनी १८८७ साली कापडी शिडांची चक्की उभारून आपल्या घरात विजेचे दिवे लावले आणि उरलेली वीज गावच्या रस्त्यासाठी देऊ केली, तेव्हा ही सैतानाची करणी आहे म्हणून गावाने ती नाकारली. डेन्मार्कमध्ये १८९१ पासून पोल ला कूर या शिक्षकांनी आस्कोवच्या शाळेत प्रयोग करून दाखवले, की विजेसाठी पुष्कळ पात्यांपेक्षा थोडी पण वेगाने फिरणारी पाती चांगली. आपल्या देशात १९८६ साली गुजरातेत ओखा, तामिळनाडूत तिरुनेलवेली आणि आपल्या शेजारी कोकणच्या किनाऱ्यावर ५५ किलोवॉटच्या छोट्या चक्क्या प्रथम समूहाने उभ्या राहिल्या. मार्च २०२५ अखेर भारतातल्या पवनचक्क्यांची एकूण क्षमता ५० हजार मेगावॉटपर्यंत पोचली. अर्थात ही पाटीवरची क्षमता, हे आता सांगायला नको.

बेळगावला परतल्यावर मी हिशेब नव्याने मांडला. १ कोटी ३१ लाखांचे २२ टक्के धरले, तर वर्षाला सुमारे २९ लाख युनिट. चार रुपयांच्या दराने १ कोटी १५ लाख रुपये. माझ्या पाच कोटींतले चार कोटी दहा लाख हवेतच विरले! ही झाली जमा. खर्च वेगळाच. त्या काळात चक्की उभारायला मेगावॉटमागे पाच ते सहा कोटी लागत, म्हणजे आमच्या चक्कीला आठ-नऊ कोटी. त्यावर बँकेचे व्याज, देखभाल, विमा. मग लोक पैसे का घालत होते? तेही आमच्याच विषयात सापडले. तेव्हा आयकराच्या नियमांत पवनचक्कीवर पहिल्या वर्षी ८० टक्के घसारा मिळे; २०१७ पासून तो ४० टक्के आहे. ज्याला दुसऱ्या धंद्यात मोठा नफा होई, तो पवनचक्की घेऊन कर वाचवी. आमच्या माळावरच्या सात चक्क्यांचे चार मालक आहेत, आणि त्यांतल्या एकानेही हा माळ पाहिलेला नाही.

मी नवा हिशेब घेऊन पुन्हा आजोळी गेलो. धाकट्या मामांसमोर वही ठेवली आणि म्हणालो, "मामा, मी चुकलो होतो. थोरल्या मामांनी काही खाल्लेले नाही." त्यांनी वही दोनदा वाचली. मी वाट पाहत होतो की ते रागावतील. ते म्हणाले, "आकडा तुझा चुकला. पण बोललो ते मी. तुझ्या वहीनं ते पुसलं जात नाही." त्या दिवशी ते भावाकडे गेले नाहीत. मला वाटले होते की बेरीज दुरुस्त केली की ताळेबंद आपोआप जुळेल. माणसांच्या खात्यात तसे होत नाही, हे मला कोणत्याही सरांनी शिकवले नव्हते.

एक गोष्ट मात्र त्या वहीतून निघाली. खऱ्या हिशेबानेही मामांचा वाटा शंभर रुपयांत सव्वीस पैसेच होता. हुलग्याच्या माळाला तेव्हा वर्षाला तीस हजार म्हणजे चांगलेच भाडे होते. थोरल्या मामांनी तोट्याचा व्यवहार केला नव्हता. पण करारात भाडेवाढीचे कलमच नाही. पंधरा वर्षांपूर्वी जे तीस हजार होते ते आजही तीस हजारच आहेत, आणि महागाईने त्यांचे मोल निम्म्याहूनही कमी झाले आहे. चोरी कोणी केली नव्हती. कलम राहून गेले होते. ते राहिले, कारण कागद अशा भाषेत होता जी सही करणाऱ्या एकालाही येत नव्हती. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि तो करार मामांसाठी मराठीत आणि शेजारच्या शेतकऱ्यांसाठी कानडीत उतरवला. दोन्हींत चुका असतील. पण या वेळी मी तो आमच्या व्यापारी कायद्याच्या सरांकडून तपासून घेतला. मग सर्व जमीनमालकांच्या सह्यांचा एक अर्ज, भाडे काळानुसार वाढवून मिळावे म्हणून, मालकांकडे पाठवला. त्यावर पहिली सही थोरल्या मामांची होती. दुसरी धाकट्यांची. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी येऊन केल्या. अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.

मार्गशीर्षी पौर्णिमेला आम्ही यल्लम्माला गेलो. आजीने दोघांनाही बजावले होते की टेम्पो एकच निघेल, ज्याला यायचे त्याने त्यात बसावे. वाटेत कोणी बोलले नाही. डोंगरावर गर्दी, भंडाऱ्याने पिवळी झालेली पायरी, मराठी आणि कानडी आरोळ्या एकमेकींत मिसळलेल्या. दर्शन घेऊन आम्ही कट्ट्यावर बसलो. थोरल्या मामांनी फेरीवाल्याकडून एक कागदी भिंगरी घेतली आणि धाकट्या मामांच्या लहान मुलाच्या हातात दिली. त्याने ती उंच धरली, पण ती फिरेना. तो रडकुंडीला आला.

"अशी नव्हे रे," धाकटे मामा म्हणाले. "वाऱ्याकडं तोंड कर तिचं."

थोरल्या मामांनी पोराचे खांदे धरून त्याला पश्चिमेकडे वळवले. भिंगरी भिरभिरली.

"वारं बरं आहे आज," धाकटे मामा भावाकडे न बघता म्हणाले.

"होय की," थोरले मामा म्हणाले. "फिरायलाय."

सात महिन्यांनंतरचे ते पहिले बोलणे. आजीने तोंड फिरवले आणि देवळाच्या शिखराला पुन्हा एकदा हात जोडले. लांब माळांवरच्या चक्क्या दिसत होत्या. त्यांतल्या तीन फिरत होत्या आणि बाकीच्या उभ्या होत्या. त्या दिवशी किती युनिट झाले असतील, याचा हिशेब मी केला नाही.